अर्ध्या बोटाचं कुंकू

मडक्याला इतका आंबूस वास सुटला होता की खाली वखारीतल्या हमालांनी मान वर करून विचारलं, "वहिनी, गच्चीवर काय मेलंय का?"

मडक्यात गंजके खिळे होते, बैलांचे झिजलेले नाल होते, काळा गूळ होता आणि वर फेस धरला होता. मामंजींच्या जुन्या धोतराचा एक तुकडा मी आदल्या दिवशी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवून ठेवला होता. तो फिकट पिवळा दिसत होता, पातळ वरणासारखा. तो मी मडक्यात बुडवला आणि वर काढेपर्यंत काळा झाला. करडा नाही, तपकिरी नाही, चांगला तव्याच्या बुडासारखा काळा. माझी बोटंही तशीच झाली, कारण त्यांनाही हिरडा लागलेला होता. मी गच्चीवर एकटी उभी राहून मोठ्यानं हसले.

तीस वर्षं होऊन गेली या गोष्टीला. सांगलीच्या पेठेत आम्हा मगदुमांची हळदीची अडत होती. खाली वखार, वर घर. त्या घरात हळद नाही अशी जागा नव्हती. चादरीच्या घडीत हळद, घड्याळाच्या काचेत हळद. मी, शालन, धाकटी सून. मोठी जाऊ हेमलता, तिला मी अक्का म्हणायची. लग्नानंतर चारेक वर्षं मी भाकऱ्या थापल्या आणि मग एकदा कांद्याची टरफलं फेकायच्या आधी सहज उकळून बघितली. त्यात बुडवलेला रुमाल असा काही तांबूस सोनेरी निघाला की झालं, मला नादच लागला. डाळिंबाच्या साली, झेंडू, तुरटी. कापडात हरभरे बांधून दोऱ्यानं आवळायचे, रंगवायचं आणि मग एकेक गाठ सोडत बसायचं. गाठ सुटेपर्यंत आत काय निघणार ते देवालाही ठाऊक नसायचं. जास्वंदीनं मला चार वेळा फसवलं. गोणपाटाचे दोरे उपसून मी त्यांच्या जाळ्या विणल्या, त्या कशाच्याही उपयोगाच्या नव्हत्या, पण विणताना जीव रमायचा. दुपारी घर झोपलं की गच्ची माझी.

आता माझ्या हाताचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लहानपणी माहेरी कडबाकुट्टीत माझ्या उजव्या हाताची अनामिका अर्धी गेली. करंगळीशेजारचं बोट. माझे यजमान बघायला आले तेव्हाच त्यांनी ते पाहिलं होतं आणि तरी होकार दिला होता. घरात कुणाचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते अक्काचं. मी माप ओलांडून आत आले त्याच आठवड्यात तिनं माझं नाव पाडलं, 'साडेनऊ'. "साडेनऊ, चहा टाक." "साडेनऊला विचारा." पोरंसोरंही म्हणायला लागली, मी हसून सोडून द्यायची.

पण संक्रांतीचं पहिलं हळदीकुंकू आलं, मी ताट उचललं आणि पहिल्याच बाईच्या कपाळाकडे हात नेला, तेव्हा अक्कानं सगळ्यांदेखत माझं मनगट धरलं.

"त्या बोटानं लावायचं नसतंय," ती म्हणाली. "अनामिकेनं लावतात कुंकू. तुटक्या बोटाचं कुंकू सवाष्णीला लागू नये. तू आत जा, चहाचं बघ."

आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, तिथंच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून मगदुमांच्या प्रत्येक हळदीकुंकवाला मी स्वयंपाकघरात. बाहेर यावंच लागलं तर उजवा हात पदराखाली. मी तेव्हाच डूख धरला. नागिणीची बदनामी उगाच होते, बाईचा डूख तिच्याहून चिवट असतो.

माझी कापडं गच्चीवर वाळत असायची, ती अक्काच्या नजरेत भरली. महिला मंडळाचं प्रदर्शन होतं. तिनं त्यातली चांगली सहा-सात उचलली, इस्त्री करून मांडली, वर चिठ्ठी लावली, 'सौ. हेमलता मगदूम'. मला हे शेजारणीकडून कळलं. मी विचारायला गेले तर ती आरशासमोर वेणी घालत होती.

"अगं, घरचंच की ते," ती म्हणाली. "तुझं काय नि माझं काय."

"मग चिठ्ठीवर माझं लावायचं होतं."

"आणि लोक बघायला आले की हात कुणी पुढं करायचा? साडेनऊनं?" आरशातूनच माझ्याकडे बघत ती हसली. "मी आहे की बोलायला. तू आपली शिजवत जा."

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बायका-बायकांचं मला त्यातलं कळत नाही." एवढं बोलून हे हिशेबाला बसले.

आयत्या बिळात नागोबा म्हणतात, तशी अक्का माझ्या कापडांत शिरली ती शिरलीच. पुढं तिची कुठूनशी ओळख झाली पद्मजा भागवत यांच्याशी. या बाईंचं पुण्यात हातमागाच्या आणि हातरंगाच्या कापडाचं मोठं दुकान होतं. माझी कापडं बघून त्या खूश झाल्या. संक्रांतीला सांगलीत येते म्हणाल्या, रंगवणारीनं आपल्यासमोर रंगवून दाखवावं, मनासारखं झालं तर कायमचं काम देऊ. भाऊजींनी, अक्काच्या नवऱ्यानं, लगेच जाहीर केलं की तसं झालं तर मागची रिकामी वखार हेमाच्या नावानं रंगकामाला देऊन टाकतो.

म्हणजे काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं. वखार तिची, नाव तिचं आणि आत धुरात उकळत्या घंगाळाशी जन्मभर मी. रंगवण्याचं एवढं एक सुख मी त्या घरात कमावलं होतं, तेही आता मोलकरणीचं काम होणार होतं.

अक्का त्याच संध्याकाळी गच्चीवर आली.

"संक्रांत आहे, सगळ्या काळ्या साड्या नेसून येणार," ती म्हणाली. "तेव्हा मी काळाच करून दाखवणार. तो तुझा मडक्यातला. पिवळं कापड बुडवलं की काळं. जादूच वाटती बघणाऱ्याला. ते आधीचं पिवळं कशानं करतीस गं?"

मी 'हिरडा' म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण तिला थांबायला वेळ कुठला.

"हळदच असणार," तिनंच सांगून टाकलं. "मगदुमांच्या घरात पिवळं दुसरं काय असतंय?"

काविळीच्या डोळ्यांना जग पिवळं दिसतं, तसं हळदीच्या घराला प्रत्येक पिवळ्यात हळद दिसते. पिढ्यान् पिढ्या तेच विकून त्यांचे डोळे तसे झाले होते. आता खरी गंमत अशी की लोखंडाच्या पाण्यात काळं करायची ताकद नसते, हिरड्यात असते. दोघं भेटले की काळा. हळद बिचारी त्यात कुठंच नाही.

मी तोंड मिटलं आणि म्हणाले, "तुम्हाला नाही कळणार तर कुणाला कळणार, अक्का."

ती खुलली. "मग कापड मीच पिवळं करते. आपल्या वखारीतली उत्तम राजापुरी हळद घालते. सगळ्यांना सांगता येईल, मगदुमांच्या हळदीवर बसलेला काळा."

"आधी एक तुकडा बुडवून बघता का?" मी विचारलं. हेही मी विचारलं होतं, कुणी म्हणू नये शालननं फसवलं.

"तू मला शिकवतीस होय? बघितलंय की तुला करताना. त्यात काय, बुडवायचं नि काढायचं."

पी हळद अन् हो गोरी, त्यातली गत.

त्या रात्री मी सुखानं झोपले. कापड मडक्यात जाईल, शेणकट पिवळं होऊन बाहेर येईल, पुण्याची बाई नाक मुरडून जाईल आणि अक्काचं तोंड बघण्यासारखं होईल. पण सकाळी भाकरी थापताना डोक्यात आलं, तिची फजिती होईल, माझं काय होईल? बाई रिकाम्या हातानं परत गेली तर वखार कुणालाच नाही. अक्का पुढं माझी गच्ची बंद करेल. सूड घ्यायचा तर असा घ्यावा की तिचं जावं आणि माझं यावं.

आणि मग मला सुचलं. हातातली भाकरी करपली तरी मी तव्याकडे बघत होते.

अक्कानं पाच वार मांजरपाट हळदीत बुडवून पिवळाजर्द केला आणि गच्चीवर वाळत टाकला. रोज दुपारी ती सुवासिनींना आमंत्रणं द्यायला बाहेर पडायची. ती गेली की मी कामाला लागायची. आधी धोतराच्या तुकड्यांवर. हिरडा कुटून, उकळून, आटवून दाट केला, तर तो कापडावर पसरायला लागला, कडा राहिना. त्यात मैद्याची खळ घातली, तर वाळल्यावर तडे गेले. तांदळाची पेज घातली, ती मुंग्यांनी खाल्ली. शेवटी बाभळीचा डिंक घातला. खाली घडी घातलेला टॉवेल ठेवला, किती दाबायचं ते हाताला कळेपर्यंत दाबून बघितलं. तुकडा वाळवायचा, मडक्यात बुडवायचा, काढायचा. एकदा नुसता डाग आला. एकदा अर्धं आलं. आणि एका दुपारी सगळं स्वच्छ आलं, कडांसकट, रेघ न् रेघ.

लोक म्हणतात सुडानं माणूस जळतो. मी काही जळले नाही. त्या दिवसांइतकी आनंदात मी त्या घरात कधी नव्हते. स्वयंपाक करताना गुणगुणायची, तर आत्याबाई चष्म्यावरून बघायच्या. दोन सुखं एकदम मिळत होती, नवा प्रयोग जमल्याचं आणि तो कुणावर जमवतोय त्याचं. दुसरं जास्त गोड होतं, खोटं कशाला बोलू.

संक्रांतीच्या आदल्या दुपारी मी अक्काच्या पाच वार कापडावर जे करायचं ते केलं. वाळल्यावर पिवळ्यावर पिवळं, कुणाच्या बापाला दिसत नव्हतं. हळदीच्या वासाखाली हिरड्याचा वासही दडून गेला. घडी घालून ते तिच्या कपाटात ठेवलं. मग उरलेला एक तुकडा शेवटचा म्हणून मडक्यात बुडवला. हिरड्यानं माखलेला हात न धुताच बुडवला. उजवा हात मनगटापर्यंत काळा झाला, आणि तो रंग धुतल्यानं जात नाही.

दुसऱ्या दिवशी दिवाणखाना बायकांनी भरला. सगळीकडे काळ्या चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. पद्मजाबाई मधल्या खुर्चीत, साधी काळी सुती साडी, करड्या केसांचा अंबाडा. आत्याबाई भिंतीशी लोडाला टेकून. अक्कानं मडकं मध्ये पाटावर ठेवायला लावलं. ते उचलून आणणारी अर्थात मी.

"तू इथं बस मडक्यापाशी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आणि हात पदरात घे."

मी हात पदरात घेतला. आज तर मलाच घ्यायचा होता.

अक्कानं घडी उलगडली. पिवळाधमक मांजरपाट बघून बायका वा म्हणाल्या.

"ही आमच्या मगदुमांची राजापुरी हळद," तिनं सुरुवात केली. "आमची मूळ कल्पनाच अशी की हळदीवर काळा बसवायचा. आता बघा. हळद लावण्यापासून मडकं घालण्यापर्यंत सगळं माझ्या हातचं आहे."

"मदतीला कुणी?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"छे. माझ्या एकटीच्या हातचं."

तिनं कापड मडक्यात सोडलं, काठीनं दाबलं, ढवळलं आणि दोन शेजारणींच्या हातात टोकं देऊन उभं धरायला लावलं.

कापड शेणकट झालं होतं. आणि त्या शेणकट कापडावर हात उमटले होते. काळेकुळकुळीत पंजे, वरपासून खालपर्यंत, काही सरळ, काही तिरके, तळव्याच्या रेषांसकट. पाणी गळत होतं आणि पंजे आणखी आणखी काळे होत होते.

मग पद्मजाबाई खुर्चीतून उठल्या. "सुरेख," त्या म्हणाल्या. "हे तर तुम्ही सांगितलंच नव्हतं."

अक्काचा चेहरा पांढरा पडला होता, पण बाई मुरलेली. तिनं सावरलं.

"हेच तर दाखवायचं होतं," ती म्हणाली. "लक्ष्मीचे हात. सुवासिनीचे पंजे. मुद्दाम आधी बोलले नाही."

माझ्यादेखत तिनं तेही चोरलं. मला वाईट नाही वाटलं. उलट मनात म्हटलं, घे अक्का, घे, जेवढं ओढशील तेवढा फास आवळेल.

पद्मजाबाई कापडाजवळ गेल्या. चष्मा लावला. एका पंजावरून बोट फिरवलं, मग शेजारच्या, मग खालच्या.

"पण हे बोट प्रत्येक हाताला अर्धंच कसं?" त्या म्हणाल्या. "करंगळीशेजारचं. हा एकच हात दिसतोय सगळीकडे. हेमलताबाई, तुमचा हात ठेवा बघू यावर."

त्यांच्या मनात काही नव्हतं. रंगातली बाई, कुतूहलानं विचारत होत्या. अक्कानं हात मागं घेतला तर त्यांनीच हसत तो धरला आणि कापडावर टेकवला. हिरव्या बांगड्या, अंगठ्या आणि धडधाकट पाच बोटं. चौथं बोट पंजाच्या बाहेर अर्धं लांब राहिलं.

काळ्या साड्यांतल्या सगळ्या बायकांनी हळूहळू माना वळवल्या. पेठेतल्याच बायका, हळदीकुंकवाला येऊन येऊन त्यांना माझा पदर पाठ होता.

आत्याबाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलल्या. "हेमे," त्या म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच गं."

मी पदरातून हात काढला. काळा, मनगटापर्यंत. उठून कापडापाशी गेले आणि मधल्या पंजावर टेकवला. रेघेला रेघ बसली.

"तुमचं आहे हे?" पद्मजाबाईंनी विचारलं. "आधीची कापडंही?"

"सगळी," मी म्हणाले. "आणि काळा हळदीनं होत नाही, हिरड्यानं होतो. हळद नुसती दिसायला. चार दिवस उन्हात टाकली की उडून जाते." हे मी अक्काकडे बघून म्हणाले.

भाऊजी दारातून डोकावले, आणि आत्याबाईंनी तिथूनच त्यांना सांगितलं, "वखारीची किल्ली धाकटीकडं दे रे. काम तिचं हाय."

मला थांबता आलं असतं. सगळं मिळालं होतं. पण अजून एक राहिलं होतं, सगळ्यात जुनं. कोपऱ्यात हळदीकुंकवाचं ताट वाट बघत होतं. मी ते उचललं.

पद्मजाबाईंसमोर उभी राहिले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "त्या बोटानं?" बाईंनी ऐकलं की नाही ठाऊक नाही, त्यांनी कपाळ पुढं केलं. मी अर्ध्या काळ्या अनामिकेनं कुंकू लावलं. मग आत्याबाईंना. मग एकेकीला. कुणी नको म्हणालं नाही. तिळगूळ दिला, वाण दिलं. दिवाणखान्यात बांगड्यांचा आवाज तेवढा येत होता.

शेवटी अक्का उरली.

ती भिंतीशी उभी होती. तिनं एकदा दाराकडे बघितलं. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. सवाष्णीला कुंकू नको म्हणता येत नाही. तसं म्हणणं म्हणजे काय, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? अवलक्षणाचे सगळे नियम तर तिचेच होते.

"अक्का," मी म्हणाले, "कपाळ पुढं करा."

तिनं केलं. माझ्या त्या बोटाला टोकाशी नख नाही, हाडावर घट्ट कातडं बसलंय, लाकडासारखं टणक. ते मी कुंकवात बुडवलं, तिच्या दोन भुवयांच्या मध्ये ठेवलं आणि दाबलं. तिनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं तरी मी लगेच हात काढला नाही.

मागची वखार आज माझी आहे. आता सुना तिथं रंगवतात आणि मी खुर्चीत बसून चुका काढते. ते पंजांचं कापड दारासमोरच्या भिंतीवर लावलंय. हळद तर केव्हाच उडून गेली, हात तेवढे आहेत तसे काळे. अक्का सत्तरीला आली. 'साडेनऊ' मला पुन्हा कुणी म्हणालं नाही. दर संक्रांतीला ती काळी साडी नेसून येते, न सांगता माझ्यासमोर बसते आणि कपाळ पुढं करते. लोकांना वाटतं, जावा-जावांचं किती जमतं.

मी अजूनही दाबूनच लावते.